कोल्बेनचं कलम सात

आमच्या इमारतीत आठ बिऱ्हाडं आहेत आणि एक कोल्बेन. तसा तोही त्या आठांतलाच, दुसऱ्या मजल्यावर डावीकडचा. पण गेली अकरा वर्षं सोसायटीचा अध्यक्ष असल्यामुळे तो स्वतःला मोजणीत वेगळा धरतो. निवडणूक दरवर्षी रीतसर होते. मी, म्हणजे सोसायटीची चिटणीस हाल्ला, दरवर्षी विचारते, "दुसरं कुणी उभं राहतंय का?" आणि सगळे आपापल्या कॉफीच्या कपात काहीतरी पडल्यासारखे वाकून बघत बसतात.

कोल्बेन चाळीस वर्षं रेक्याविकच्या बंदरावर मासळी तोलत होता. बोटीवरून कॉड उतरला की बर्फ वजा, पाणी वजा, उरलेलं वजन वहीत. कप्तानाशी भांडण, खलाशांशी भांडण, पण काटा एक ग्रॅम हलायचा नाही. निवृत्त झाल्यावर तोलायला मासळी उरली नाही, तेव्हा त्याने शेजारी घेतले. जिना ओला करणाऱ्यांस सूचना. बर्फाचं फावडं जागेवर न ठेवणाऱ्यांस अखेरची सूचना. माझ्या फायलीत फावड्याच्या चौदा अखेरच्या सूचना आहेत, सगळ्या प्लास्टिकच्या वेष्टणात, तारखेसह.

माणूस वाईट नाही. पहाटे बर्फ पडलं तर तो सगळ्यांच्या आधी उठून आख्ख्या इमारतीची वाट साफ करतो आणि मग कोण उठलं नाही ते दिवसभर सांगत फिरतो.

कलम सात जन्माला आलं ते मार्च महिन्यात. कोल्बेनच्या समोरचं दार मारिसेलचं. ती फिलिपीन्सची, इस्पितळाच्या धुलाईखात्यात कामाला आहे आणि चौदा वर्षं आमच्यात राहतेय. आम्ही सगळे एकमेकांना अरे-तुरे करतो, पण ती कोल्बेनला अजून 'तुम्ही' आणि 'सर' म्हणते. त्याला ते आतून आवडतं. तर ही मारिसेल त्या वर्षी रविवारी सकाळी सुकी तारली तळू लागली. खारवलेली, वाळवलेली, बोटभर लांबीची. तेलात पडली की वास जिन्यातून थेट माझ्या तळमजल्यापर्यंत. कोल्बेनने दोन रविवार नाक दाबून काढले आणि तिसऱ्या रविवारी सभा बोलावली.

"मी कुणाचं नाव घेत नाही," तो म्हणाला, आणि सगळ्यांनी मारिसेलकडे पाहिलं.

कलम असं होतं: उग्र वासाचं अन्न शिजवायचं असल्यास इतर सातही बिऱ्हाडांची लेखी संमती घ्यावी, अर्ज सात दिवस आधी भरावा, आणि शिजवताना घराचं दार बंद ठेवावं. हात वर करा म्हटल्यावर माझाही हात वर गेला, खोटं कशाला सांगू. मारिसेलने एकदा सगळ्यांवरून नजर फिरवली आणि तिनेही हात वर केला. मी टिपणात 'एकमताने मंजूर' असं लिहिलं.

जूनमध्ये तिने अर्ज भरला. तिचा भाऊ नऊ वर्षांनी पाच दिवसांसाठी येणार होता. आम्ही सहा जणांनी सह्या केल्या. कोल्बेन म्हणाला, "ठेव, बघतो." मग तो आठवडाभर सामन माशाच्या मागे नदीवर गेला. तो परत आला तोवर भाऊ परत गेला होता.

आता तुम्हाला आमचं पाकट सांगायला हवं. पाकट मासा कापून पिंपात भरायचा, झाकण लावायचं आणि महिनाभर त्याला त्याच्या मनासारखं वागू द्यायचं. मीठ नाही, मसाला नाही. मग तेवीस डिसेंबरला, नाताळच्या आदल्या दिवसाच्याही आदल्या दिवशी, तो उकडून बटाटा आणि मेंढीच्या वितळवलेल्या चरबीबरोबर खायचा. वासाचं काय सांगू! वर्षभर पाणी न टाकलेल्या मुतारीत तोंड घालून श्वास घ्यावा तसं होतं. डोळ्यांतून पाणी येतं, अंगावरचे कपडे धुवून दोनदा वाळवावे लागतात. मग वास मारायला लगेच नाताळचं धुरावलेलं मटण उकडायला ठेवायचं. आणि हे सगळं आम्ही हसत हसत करतो, कारण हा सण आहे. मार्चमध्ये हात वर करताना आमच्यातल्या एकाच्याही डोक्यात पाकट आलं नाही. ते उग्र वासाचं अन्न आहे हे आम्हाला कुणी कधी सांगितलंच नव्हतं.

कोल्बेनसाठी तर पाकट म्हणजे नुसतं जेवणही नव्हतं. त्याची बहीण स्टेनवोर एक्क्याण्णव वर्षांची, त्याच्याहून तेरा वर्षांनी मोठी. पश्चिमेकडच्या एका फ्योर्डात, डोंगरांमधल्या चिंचोळ्या खाडीत, त्यांचं घर होतं. आई लवकर गेली, तेव्हा या पोरीने त्याला वाढवलं, न्हाऊमाखू घातलं, बदडलंही. कोल्बेनने लग्न केलं नाही. त्याला माणूस म्हणून तेवढी एकच. ती आता वृद्धाश्रमात असते आणि तीनेक वर्षांपासून त्याला ओळखत नाही. तो दर गुरुवारी जातो. ती सभ्यपणे विचारते, "तुम्ही कुणाचे?" तो नाव सांगतो. "छान," ती म्हणते.

पण तेवीस डिसेंबरला तो तिला घरी आणायचा, पाकटाच्या पातेल्यावरचं झाकण उचलायचा, आणि त्या वाफेत बाईचं डोकं लख्ख व्हायचं. दोन वर्षं मी स्वतः पाहिलं आहे. "कोल्बेन, केस काप," ती म्हणायची. अर्धा तास, पाऊण तास ती पुरी त्याची बहीण असायची. तेवढ्यावर हा गडी पुढचं वर्ष काढायचा. वृद्धाश्रमात पाकट शिजत नाही, तिथल्या स्वयंपाकिणीने तसं केव्हाच सांगून टाकलंय.

सोळा डिसेंबरला सकाळी कोल्बेनच्या दाराखालून एक कागद आत सरकला. त्यानेच छापलेला कलम सातचा कोरा अर्ज होता. वर पेन्सिलीने लिहिलं होतं: 'आज शेवटची तारीख. बिर्ता.'

बिर्ता तिसऱ्या मजल्यावर राहते, तिशीची आहे, दातांच्या दवाखान्यात काम करते आणि फावड्याच्या चौदांपैकी नऊ सूचना तिच्या नावावर आहेत. कोल्बेन कागद फडकावत माझ्याकडे आला.

"ही काय थट्टा आहे, हाल्ला?"

"अर्ज आहे. तूच छापलास."

"पाकटाला अर्ज? हा सण आहे, वास नाही!"

"कलमात तसं लिहिलेलं नाही," मी म्हटलं. "आणि कलम तुझ्याच हस्ताक्षरात आहे."

मग माझ्याच टेबलाशी बसून त्याने अर्ज भरला. 'अन्नाचा प्रकार' या रकान्यात त्याने आधी 'मासा' लिहिलं, खोडलं, आणि 'राष्ट्रीय परंपरा' असं लिहिलं. मी सही केली. बिर्तानेही केली. आधी तिने त्याला दारात उभं करून कलम मोठ्याने वाचायला लावलं, पण केली. संध्याकाळपर्यंत सहा सह्या झाल्या. सातवी जागा मारिसेलची. तिच्या दारासमोर तो तीनदा उभा राहिला. मला जिन्यातून त्याची पावलं ऐकू यायची, यायची, थांबायची आणि परत जायची.

"अजून वेळ आहे," तो मला म्हणाला. पुढचे पाच दिवस वेळच होता.

दरम्यान पाकटाचं पिंप तळघरात होतं. दरवर्षी गावाकडचा एक कोळी त्याच्यासाठी खास पाठवतो, इतकं जालीम की झाकण नुसतं सैल केलं तरी माणूस मागे सरकतो. बिर्ताने ते शोधून काढलं. "तळघर सामायिक आहे, कलम चार," ती म्हणाली. तेही त्याचंच. मग त्याने पिंप उचलून आपल्या बाल्कनीत ठेवलं. एकवीस तारखेला दुपारी वादळ आलं. असं वादळ आम्हाला नवं नाही, आम्ही खुर्च्या बांधतो, कुंड्या आत घेतो. कोल्बेननेच सकाळी तशी सूचना लावली होती. इमारतभर फिरून त्याने कुणी काय बांधलं नाही ते तपासलं, आणि त्या गडबडीत स्वतःची बाल्कनी तेवढी राहिली.

पिंप दुसऱ्या मजल्यावरून सुटलं ते बिर्ताच्या गाडीवर. झाकण उडालं. वादळ ओसरल्यावर आम्ही सगळे खाली जमलो. गाडीच्या टपावर, काचेवर, आरशावर पाकट. दोन डोमकावळे आधीच येऊन बसले होते, आणि त्यांतला एक खाऊन मान झटकत होता. कोल्बेन एक तुकडा उचलायला वाकला, बर्फावरून घसरला आणि सपशेल बसला. मी खूप हसले. मग त्याचं तोंड पाहिलं आणि मला माझी लाज वाटली.

बिर्तासुद्धा ओरडली नाही. "ऊठ," एवढंच म्हणाली, आणि त्याला हात दिला.

बावीसला तो शहरभर फिरला. कडक पाकट सगळीकडे संपलं होतं. शेवटी एका दुकानात दोन पाकिटं मिळाली. वर लिहिलं होतं: 'सौम्य. नवशिक्यांसाठी.' ती पिशवीत घालून तो परत आला, जिना चढला, आणि या वेळी मारिसेलच्या दारासमोर त्याची पावलं थांबली ती परत फिरली नाहीत. पण तो मला हाक मारायला विसरला नाही. "चिटणीस हजर पाहिजे," म्हणाला. एकट्याने जायची हिंमत नव्हती, दुसरं काय!

मारिसेलने दार उघडलं. अंगावर कामाचा कोट, निघायच्या तयारीत.

"सर?"

"एक सही हवी होती." त्याने कागद पुढे केला. "थोडी उशिरा आणली."

तिने कागद शांतपणे वाचला. "राष्ट्रीय परंपरा. म्हणजे काय असतं, सर?"

"पाकट."

"वास येतो का त्याला?"

कोल्बेनने माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं.

"येतो," तो म्हणाला.

"खूप?"

"हा सौम्य आहे." मग त्याने पिशवी खाली ठेवली. "मारिसेल, माझी बहीण येते. वर्षातून एकदा ती मला ओळखते, या वासाने. बाकी काही नाही."

मारिसेलने कागदाची घडी घातली. "माझा भाऊ पाच दिवस होता, सर. रोज पाव खाल्ला त्याने. शेवटच्या दिवशी म्हणाला, तुझ्या घरात घराचा वास का येत नाही? मी म्हटलं, अर्ज दिलाय." तिने कोटाची बटणं लावली. "ठेवते. बघते."

आणि ती कामाला गेली. कोल्बेन म्हणाला, "हे माझंच वाक्य आहे." मी म्हटलं, "हो."

तेवीसच्या सकाळी त्याच्या दाराखाली दोन कागद होते. एक त्याचा अर्ज, सातवी सही केलेला. दुसरा मारिसेलचा जूनचा अर्ज. तारीख खोडून आजची घातलेली, सहा सह्या तशाच, एक जागा रिकामी. कोल्बेनने चष्मा न लावताच सही केली, मला बोलावून साक्षीची सहीही घेतली आणि कागद तिच्या दाराखालून सरकवला. सात दिवस आधी दोघांचाही अर्ज पुरा झाला नव्हता. मी टिपणात त्याचा उल्लेख केला नाही.

दुपारी बाराला चाकाच्या खुर्चीतून स्टेनवोर आली. केस विंचरलेले, निळा स्वेटर, गुडघ्यांवर शाल. डिसेंबरातला आमचा दिवस तो, खिडकीबाहेर दुपारीही जेमतेम उजाडलं होतं. आम्ही तिघं टेबलाशी बसलो. कोल्बेनने राई पावाचे तुकडे केले, चरबी तापवली, शहाजिऱ्याच्या दारूचे तीन छोटे पेले भरले. मग पातेलं आणलं, तिच्या पुढ्यात ठेवलं आणि झाकण उचललं.

वाफ आली. मी सवयीने डोळे मिटले, पण पाणी काही आलं नाही. नवशिक्यांसाठीचं होतं ते. धुतलेल्या फरशीला येतो तेवढासा वास. स्टेनवोरने पातेल्यात पाहिलं.

"छान," ती म्हणाली. "मासा आहे वाटतं."

कोल्बेनने तिच्या ताटात वाढलं. ताट उचलून नाकाजवळ धरलं. "स्टेनवोर, वास घे. नीट घे."

"गरम आहे हो," ती म्हणाली. "तुम्ही कुणाचे?"

"मी कोल्बेन."

"छान."

त्याने ताट खाली ठेवलं. मी बटाटे सोलत राहिले, गरजेपेक्षा जास्तच सोलले. तो तिला घास भरवू लागला, प्रत्येक घास आधी तिच्या नाकाखाली धरून. चाळीस वर्षं कप्तानांना गप्प बसवणारा माणूस. मला वाटलं, आत्ता त्या कोळ्याच्या गावी पळत जाऊन नवं पिंप आणावं.

तेवढ्यात समोरच्या घरात तेल चुरचुरलं.

आधी आवाज आला, मग दाराच्या फटीतून वास. खारवलेला, वाळलेला, उन्हावाऱ्याचा, जरासा करपलेला. स्टेनवोरचा घास तोंडातच राहिला. तिने मान वर केली आणि थेट कोल्बेनकडे पाहिलं. गुरुवारची नजर नव्हती ती.

"पुन्हा मासे वाळवायच्या खोपीत शिरलास?" ती म्हणाली.

कोल्बेनने घास ताटात ठेवला.

"बोल ना! मासे पुरते वाळलेसुद्धा नाहीत आणि तू तोडून खातोस? किती घेतलेस? खिसे दाखव."

आणि अठ्ठ्याहत्तर वर्षांचा आमचा अध्यक्ष उभा राहिला आणि त्याने दोन्ही खिसे बाहेर काढून दाखवले. किल्ल्या, रुमाल, खोकल्याची गोळी.

"दुसरे कुठे लपवलेस?"

"खाल्ले गं," तो म्हणाला. तो रडत होता आणि हसतही होता. "दोन खाल्ले."

"दोन! बाबा फोडून काढतील. मी सांगणार नाही, पण पुन्हा गेलास तर बघ." तिने त्याची बाही ओढून त्याला जवळ बसवलं. "किती वाळलास रे. केस कुठे गेले तुझे?"

मी पेला उचलला आणि एका घोटात संपवला. ती बोलत होती. आईच्या हातमोज्यांबद्दल, एका लंगड्या मेंढीबद्दल, तो होडीत झोपला आणि सगळं गाव त्याला शोधत फिरलं त्या दिवसाबद्दल. कोल्बेनला यातलं निम्मं आठवत नव्हतं, पण तो प्रत्येक वाक्याला हो म्हणत होता.

मग वास विरळ होत गेला. मारिसेलने कलमाप्रमाणे दार घट्ट लावलं होतं, फटीला टॉवेलही लावला असणार. स्टेनवोरचं वाक्य अर्ध्यात थांबलं. तिने कोल्बेनच्या हाताकडे पाहिलं, आणि सावकाश आपला हात त्याच्या बाहीवरून काढून घेतला.

"तुम्ही..." ती म्हणाली.

कोल्बेन खुर्ची पाडून उठला. आपलं दार त्याने सताड उघडलं आणि समोरच्या दारावर दोन्ही हातांनी थापा मारल्या. मारिसेलने हातात झारा घेऊनच दार उघडलं. मागे टेबलावर फोनमध्ये तिचा भाऊ दिसत होता, दूर कुठेतरी संध्याकाळी जेवायला बसलेला.

"सर? वास बाहेर गेला का? मी सगळं बंद केलं होतं."

"अजून किती आहेत?"

"मासे? आठ-नऊ असतील."

"तळ. सगळे तळ. आणि दार उघडं ठेव."

"पण सर, कलम सात..."

"मारिसेल, दार लावू नकोस!"

तिने त्याच्या पलीकडे, खुर्चीतल्या म्हातारीकडे पाहिलं. मग आत गेली आणि उरलेले सगळे मासे एकदम कढईत सोडले. वरून बिर्ता जिन्यात येऊन ओरडली, "कोण तळतंय?" मी वर जाऊन तिला गप्प केलं.

मी परत आले तेव्हा स्टेनवोरचा आवाज जिन्यातच ऐकू आला, खणखणीत, पोरांना हाकारणारा.

"कोल्बेन! दार लाव रे, माश्या शिरतील!"

"लावतो गं," तो म्हणाला, आणि दोन्ही उघड्या दारांच्या मध्ये तसाच उभा राहिला.